मनगटावरची बोटं

आज कपाट आवरताना मामंजींचं जुनं घड्याळ हाती लागलं आणि गंगेकाठी ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरातली एक सकाळ आठवली. हृदयात स्टेंट बसवल्यापासून माझे हे सासरे दिवसभर डावी बोटं उजव्या मनगटावर दाबून, घड्याळात बघत नाडी मोजत बसायचे. गंगास्नान सुटलं, घराच्या खालच्या चौकात वेद शिकवणं सुटलं. आवाज चढवला तर हृदय बंद पडेल, ही धास्ती. "पंडितजी, दिल ठीक है, अब इलाज डर का करना है," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक छोटी गोळी दिली आणि रोज शिकवायला बसा, असं बजावलं. गोळी ते घेत, शिकवायचं मात्र टाळत. त्या सकाळी कठड्यावर ओली धोतरं वाळत होती, नदीचा गार वास येत होता आणि खाली विद्यार्थी आपले आपणच म्हणत होते. आमच्याकडे वेद म्हणताना स्वराबरोबर उजवा हात वर-खाली न्यावा लागतो. कुणाचा तरी स्वर चुकला, आणि मामंजींचा हात बोटांतून सुटून वर गेला. "अरे, गलत! हात वर, स्वर वर!" असं ओरडत ते जिना उतरलेच. बऱ्याच वेळानं सासूबाई चहा घेऊन गेल्या. "नाडी बघितलीत का?" "हात कुठे रिकामा आहे?" ते म्हणाले आणि पुढची ओळ सुरू केली. आताही खालून त्यांचाच आवाज येतोय. घड्याळ बंद आहे. कधी बंद पडलं, ते घरात कुणालाच सांगता येईना, त्यांनासुद्धा नाही.