कोरडी भाषा

कारध्याचा पूल जवळ आला की शेंडे सर डोळे मिटून घ्यायचे. पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरायचे आणि हळूच विचारायचे, "मॅडम, झाला का पूल?" खाली वैनगंगा. उन्हाळ्यात पात्रात वाळूच जास्त दिसे, तरी सर डोळे उघडत नसत. आम्ही दोघं लाखनीला राहायचो आणि शहापूरच्या कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ते इंग्रजी. रोजचे प्रवासी हसायचे, कारण सर ढिवराचे. नदीकाठी, जाळ्यांमध्ये वाढलेला माणूस पाण्याला भितो, याची त्यांना गंमत वाटे. आता सर नाहीत, पण पूल आला की मी अजून पुढच्या सीटचा दांडा धरते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा मी नोकरीला लागले. सर इंग्रजीत कविता लिहितात आणि त्या परदेशातल्या मासिकांत छापून येतात, हे मला स्टाफरूममध्ये कळलं. फुलांबिलांवर असतील असं वाटलं होतं. वाचल्या तर प्रत्येक कवितेत पाणी. आखूड ओळी, विशेषण शोधून सापडायचं नाही. एका कवितेत नुसता एक हात होता. पाण्यातून वर आलेला, मग न आलेला. ती वाचल्यावर कितीतरी दिवस मी विहिरीत डोकावले नाही.

"सर, मराठीत का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"इंग्रजी कोरडी हाय मॅडम. तिच्यात पाय भिजत नाई. आपल्या बोलीत डोह म्हटलं का मी आत जाऊन राहिलो, असं वाटते."

वडील नदीत गेले, देह मिळाला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. वर्गात मात्र ते वेगळे असत. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या पोरीला म्हणायचे, "भेव वाटते तं वाटू दे, बाई. वाक्य पुरं कर."

मग पुराचं साल आलं. दुपारी त्यांच्या चुलतभावाचा, बंडूचा, फोन आला. सरांच्या नदीकाठच्या गावात पाणी शिरलं होतं. सगळे बाहेर पडले, पण सरांची आई स्लॅबवर एकटी बसून होती. पोरगा आल्याशिवाय उतरत नाही म्हणत होती. वरच्या धरणाची दारं आणखी उघडणार होती.

"मॅडम, संगं चालता का?" सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

रस्ता जिथं पाण्यात गेला होता, तिथं बंडू डोंगा घेऊन उभा होता. सर काठावरच थिजले.

"दादा, बस. पाणी वाढून राहिलं."

"मले नाई जमत, बंडू."

"मंग बुढी नाई येत."

सर बसले. माझं मनगट त्यांनी सोडलंच नाही, म्हणून मीही बसले. गढूळ पाण्यात भाताचं तणीस, दारं, मेलेली शेळी वाहत होती. वळणावर धारेनं डोंगा आडवा केला तेव्हा मी दुसऱ्या हातानं डोंग्याची कड धरली. कसंबसं आईला उतरवून घेतलं आणि परत फिरलो. सर मान खाली घालून इंग्रजीत पुटपुटत होते. ती हाताचीच कविता होती.

"काय म्हणून राहिला रे?" आईनं विचारलं.

"कविता हाय, आई."

"कायची?"

सरांनी मान वर केली. "बाबाची."

"मंग मले समजंल असं सांग ना."

सर आईकडे वळले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी डोंग्यातच होतो, आई. बाबाचा हात वर आला होता. मले भेव वाटलं. म्या हात नाई देल्ला."

बंडूचं वल्हं थांबलं. धार आम्हाला खाली ओढू लागली. आई पाण्याकडे पाहत होती. ती आता काय म्हणेल, याची मला पुरापेक्षा जास्त भीती वाटली.

"अंगात कोनता सदरा होता?" तिनं विचारलं.

"निळा. बाही उसवली होती."

"हो. तेवढी बाही शिवाची राहून गेली." तिनं ओला पदर तोंडावरून फिरवला. "बंडू, वल्हव."

मग ती एकेक विचारत गेली. ऊन होतं का, जाळं कुठं होतं, त्यानं भाकर खाल्ली होती का. सर सांगत गेले, आमच्या बोलीत. डोंगा रस्त्याला लागला, पाणी मागून चढतच होतं, तरी दोघं उठेनात.

"त्यानं काई म्हनलं का रे?"

"माझं नाव घेतलं, आई."