बर्फाच्या गाडीचा शॉकअप आणि सातपाटीचं कोल्ड स्टोरेज

“कडक टाक,” दळवीसाहेब म्हणाले. “गाडी बर्फावरची असो नाहीतर सातपाटीची मासळीची पिकअप. शॉकअप कडक असला की गिऱ्हाईक खूश.”

गिऱ्हाईक समोरच बसलं होतं आणि अजिबात खूश नव्हतं. ठाकुरसाहेब, मनालीचे. टूरिस्टना बर्फावर फिरवणाऱ्या त्यांच्या काही स्नोमोबाइल आहेत. ऑक्टोबरच्या बोईसरमध्ये ते लोकरीचं जाकीट आणि मफलर घालून आले होते. आल्या आल्या त्यांनी टेबलफॅन स्वतःकडे वळवला आणि मीटिंग संपेपर्यंत तो कुणाला परत दिला नाही.

आमचं एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मालक दळवीसाहेब. आम्ही आफ्टरमार्केट शॉकअप विकतो आणि दुरुस्त करतो. आफ्टरमार्केट म्हणजे गाडीसोबत कंपनीने दिलेला नव्हे, तर तो बाद झाल्यावर आपण बाहेरून निवडून लावतो तो. निवडून देण्याचं काम माझं. मी मेकॅनिकलची इंजिनिअर. आमच्या घरात पहिली डिग्री मी आणली. मासवणच्या घरात ती फ्रेम करून देवाच्या शेजारी लावलेली आहे, आणि हळदीकुंकू दोघांनाही लागतं.

ठाकुरसाहेबांची अडचण साधी होती. त्यांचा धाकटा भाऊ टेकचंद हा त्यांचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर. गेल्या सीझनमध्ये त्याची कंबर गेली. डॉक्टरने सांगितलं होतं, असेच दणके आणखी एक सीझन खाल्लेस तर गाडी कायमची सोडावी लागेल.

“और कुछ उसको आता नहीं, मॅडम जी,” ठाकुरसाहेब म्हणाले. “गाड़ी ही उसकी ज़िंदगी है.”

स्नोमोबाइलला चाकं नसतात. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. शॉकअप स्कींच्या वर असतात आणि पट्ट्याच्या आतही. घरी हे सांगितल्यावर आईने विचारलं, “बरफावर गाडी घसरतेच ना? मग तिला कसले खड्डे?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण टूरिस्टच्या जागी दिवसभर एकाच वाटेवर गाड्या जातात. बर्फ दाबून दाबून त्याच्या लाटा होतात आणि त्या गोठतात. आईला म्हटलं, मनोर रोडचे खड्डे आहेत असं समज, फक्त पांढरे. लगेच समजलं.

आता दळवीसाहेबांच्या ‘कडक’बद्दल. शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात. बाहेर स्प्रिंग, आत तेल. स्प्रिंग वजन उचलते. तेल स्प्रिंगचं उसळणं आवरतं. वजन वाढलं तर स्प्रिंग बदलायची. पण आमच्याकडची पद्धत वेगळी. सातपाटी-चिंचणीच्या पिकअपमध्ये मासळी आणि बर्फ मावेल तेवढा भरतात, आणि जे मावत नाही ते वर बांधतात. ओझ्याने गाडी खाली बसली की साहेब शॉकअपमध्ये जाड तेल भरून देतात. स्प्रिंगला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक बोनेटवर पंजा ठेवून दाबून बघतं. गाडी हलत नाही. “मस्त कडक झाली,” म्हणून निघून जातं. इथल्या उकाड्यात तेल पातळच राहतं, म्हणून हे खपून जातं. साहेबांचं स्वतःचं टेस्टिंग मशीन म्हणजे त्यांचं पोट. शॉकअप पोटाला लावून दोन्ही हातांनी दाबतात. पोट आत गेलं तर माल पास.

मी ठाकुरसाहेबांना विचारलं, “गाडीवर बसतात किती जण?”

“एक ड्रायव्हर, एक टूरिस्ट.”

“व्हिडिओ आहे?”

टेकचंदने फोनवर पाठवला. व्हिडिओत पुढे टेकचंद. त्याच्या मागे नवरा, नवऱ्याच्या मागे बायको, दोघांच्या मध्ये कोंबलेलं एक मूल. सगळ्यांच्या अंगात भाड्याचे गुडघ्यापर्यंतचे कोट. आणि शेवटी पट्ट्यावरच्या दांडीला लटकून शूटिंग करणारा एक फोटोग्राफर.

“ठाकुरसाहेब, यात ‘एक टूरिस्ट’ कोणता?”

“पूरी फॅमिली है जी,” ते शांतपणे म्हणाले. “एक टिकट.”

दळवीसाहेबांनी मान डोलावली. तिकिटाचा हा हिशोब त्यांना बोईसरच्या रिक्षांमुळे चांगलाच पाठ होता.

टेबलावर तीन शॉकअप होते. पहिला लालभडक, बाजूला वेगळी तेलाची टाकी, वर फिरवायची बटणं. ठाकुरसाहेबांची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. “टूरिस्ट इसके साथ फोटो खींचेगा.” तो उड्या मारणाऱ्या एकट्या रायडरसाठी बनवलेला होता. फॅमिलीला पेलेल अशी स्प्रिंग त्याला मिळतच नव्हती. आणि बटणांचं म्हणाल तर ती पहिल्याच दिवशी मध्ये कोंबलेल्या मुलाने फिरवली असती. दुसरा दळवीसाहेबांचा, जाड तेल भरलेला. तिसरा माझा. काळा, साधा, दिसायला सायकलच्या पंपासारखा. आत थंडीतही पातळ राहणारं सिंथेटिक तेल, आणि जड वजनाची स्प्रिंग हवी ती लावता येते.

“ये तो गरीब लग रहा है,” ठाकुरसाहेब म्हणाले.

“कडक पण नाही,” साहेबांनी पोटाला लावून निकाल दिला. “पोरी, याने भावाची कंबर राहिली नाही तर तू जाणार मनालीला निस्तरायला?”

गिऱ्हाइकासमोर मी ‘आमच्या मॅडम’ असते. साहेब ‘पोरी’ म्हणाले की समजायचं, आता वाद आहे.

“जाईन. पण आधी थंडीत टेस्ट करू. मग निवडा.”

“बोईसरमध्ये थंडी कुठून आणणार?”

“हिराबाईकडून.”

हिराबाई आमची जुनी कस्टमर. सातपाटीची. तिची पिकअप दर पावसाळ्याआधी आमच्याकडे येते. ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिची मासळी असते तिथे तिच्या शब्दाला वजन आहे. आतलं तापमान मनालीपेक्षा खाली. तिला फोन केला. ती म्हणाली, “ठेव की. आमचं म्हावरं काय तुझ्या नळकांड्यांना खात नाय.”

तिन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा काढून ते आत ठेवले. जागा मिळाली ती बोंबलांच्या क्रेटवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सातपाटीला. धक्क्याच्या बाजूला बोंबील वाळत घातलेले. ठाकुरसाहेबांनी गाडीची काच खाली केली आणि लगेच वर केली. मफलर त्यांनी अखेर उपयोगात आणला. नाकावर.

“पाव्हणं लाजतंय काय?” हिराबाईने विचारलं.

“वास येतोय त्यांना.”

“कसला?” तिला खरंच कळलं नाही.

टेस्ट कोल्ड स्टोरेजच्या दारातच केली. तिन्ही शॉकअपमध्ये गॅस भरलेला असतो. म्हणून स्प्रिंग नसली तरी दांडा खाली दाबून सोडला की तो आपोआप वर येतो. किती लवकर येतो, त्यावर सगळं आहे. एक लाट गेल्यावर दुसरी लाट येण्याआधी शॉकअप पुन्हा उभा राहायला हवा. नाही राहिला तर प्रत्येक लाटेला तो थोडा थोडा बसत जातो. शेवटी पूर्ण बसतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक दणका थेट कंबरेत.

लाल दाबला. ठीक आला. त्याची तक्रार स्प्रिंगची होती, तेलाची नाही.

माझा काळा दाबला. हात काढला तोवर वर.

दळवीसाहेबांचा दाबायला साहेब स्वतः पुढे झाले. आधी दबेचना. “बघा, कडक!” साहेब विजयाने म्हणाले. मग त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. शॉकअप कण्हत खाली गेला. साहेबांनी हात काढला. शॉकअप खालीच. आम्ही वाट बघितली. हिराबाईने पान काढलं, चुना लावला, तोंडात टाकलं. दांडा बोटभर वर आला होता.

“याला रिटायर करा आता,” ती पान चघळत म्हणाली. शॉकअपकडे बघत होती की साहेबांकडे, नक्की सांगता येत नाही.

ठाकुरसाहेबांनी मफलर नाकावरून खाली घेतला. माझा काळा शॉकअप त्यांनी स्वतः दोनदा दाबला, मग साहेबांचा एकदा. खाली बसलेल्या दांड्याकडे बघत म्हणाले, “यही तो होता है, जी. टेकचंद बोलता था, सुबह पहली सवारी में ही गाड़ी बैठ जाती है. हम समझते थे बहाना कर रहा है.”

त्यानंतर कुणी ‘कडक’ म्हणालं नाही. मी व्हिडिओतल्या सगळ्यांचं वजन धरून स्प्रिंग निवडली, कोट आणि फोटोग्राफरसकट. फोटोग्राफरला उतरवायलाही सांगितलं. ठाकुरसाहेब म्हणाले, “देखते हैं,” म्हणजे नाही. म्हणून त्याला हिशोबात राहू दिलं.

ऑर्डर पॅक करताना एक काळा शॉकअप कमी पडला. दळवीसाहेबांनी टेस्ट पीस उचलला.

“हा दे.”

“साहेब, हा बोंबलांवर झोपून आलाय. आत स्पंजसारखा रबरी बंप असतो. त्याने सगळं पाणी पिलंय.”

“साबणाने धू. नवीनच आहे.”

धुतला. परत धुतला. ऑफिसात येणाऱ्या मांजरीचं त्यावर काय मत आहे तेही साहेबांना दाखवलं. त्यांनी मांजरीला हाकललं आणि खोक्याला टेप मारली.

चांगला बर्फ पडून टूरिस्ट सुरू झाल्यावर फोन आला. ठाकुरसाहेबांचा नाही, टेकचंदचा. मी खुर्चीत सरळ बसले. मनालीला जाण्यासाठी माझ्याकडे स्वेटरसुद्धा नव्हता.

“मॅडम जी, कमर एकदम ठीक. पहले शाम को बीवी जूते खोलती थी. अब खुद झुक के खोलता हूँ.”

साहेबांना ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. साहेब फाइल वाचायला लागले. फाइल उलटी होती.

“बस एक बात पूछनी थी,” टेकचंद म्हणाला. “सब गाड़ियों में वही माल लगा है ना?”

“हो, तेच.”

“तो फिर कुत्ते सिर्फ़ मेरी गाड़ी के पीछे क्यों भागते हैं? पूरी मनाली के कुत्ते, मॅडम जी. टूरिस्ट डर के मारे मुझे ऐसे पकड़ते हैं कि कमर अब उससे दुखेगी.”

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हात हलवून खूण केली आणि हळूच म्हणाले, “सांग, नवीन माल आहे. चार दिवस येतो वास.”

मी तसं सांगितलं नाही. त्याच दिवशी नवा बंप कुरियर केला.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. गिऱ्हाइकाला वजन विचारायचं नाही, व्हिडिओ मागायचा. आणि टेस्ट पीस कपाटात ठेवायचा, कपाटाला कुलूप लावायचं, चावी घरी न्यायची. पहिला नियम कॉलेजात थोडाफार शिकवतात. दुसरा शिकवत नाहीत, कारण कॉलेजात दळवीसाहेब नसतात.