फुकटच्या रात्रीची पाहुणी

वाशीच्या हॉटेलात, लॉबीच्या काचेपाशी माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. नवऱ्याला कामाच्या फिरतीत याच कंपनीच्या हॉटेलांत राहून राहून एक रात्र फुकट मिळाली होती. तिची मुदत आज संपत होती आणि नवरा न्हावा शेवा बंदरात अडकलेल्या कंटेनरपाशी होता.

"वाया कशाला घालवायची? आले एकटीच सीवूड्सहून," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर एकटी कधी झोपलेच नाही हो."

वर झुंबर राजवाड्याचा आव आणत होतं. त्यांनी मात्र चपला काढून पाय सोफ्यावर घेतले. समोर खाडीत ऊन सावकाश विरघळत होतं.

फोन वाजला.

"सुटलात? बरं झालं." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुम्ही घरीच जा. आमटी फ्रिजमध्ये आहे, भाताचा कुकर तेवढा लावा."