बुडी मारण्याजोगं बेट

गेल्या वर्षी दोन महिने आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर कॅरिबियन समुद्र पसरलेला होता. यांनी झेरॉक्सवाल्याकडून नकाशाची भलीमोठी प्रिंट काढून आणली आणि आमटीचे डाग पडू नयेत म्हणून वर काच ठेवली. मी भाजी वाढायला लागले की हे म्हणायचे, "जमैकावर नको, थोडं डावीकडे ठेव."

यांना पाण्याचं वेड लहानपणापासूनचं. उल्हास नदीत पोहत वाढलेला माणूस. पुढे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत जन्मभर बॉयलर सांभाळला, पण जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघायचे ते पाण्याखालचे व्हिडिओ. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "एकदा तरी पाठीवर टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. दोघांनी."

"मासे बघायचेत तर बाजारात चला की," मी म्हटलं.

मला पाण्याची भीती होती, हे खरं कारण. पण ऐकतील ते हे कसले! एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी मला अंबरनाथच्या स्विमिंग टँकमध्ये उतरवलं. पहिले पंधरा दिवस मी कठडा सोडला नाही. शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुली सुळसुळ पोहून जायच्या आणि मी, शाळेत चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई, पाईपला लटकलेली. मग एक दिवस हात सुटला आणि मी तरंगले. त्यानंतर मात्र मलाच चटक लागली.

नातेवाईक विचारायचे, अंदमान काय वाईट आहे? हे म्हणायचे, "आयुष्यात एकदाच जायचं तर लांबच जाऊ." हौसेला मोल नाही, म्हणून मीही गप्प बसले.

तिकिटांसाठी आम्ही उल्हासनगरला एका सिंधी एजंटकडे गेलो. आम्हाला वाटलं होतं, बदलापूरच्या नवरा-बायकोला कॅरिबियनला जायचंय म्हटल्यावर माणूस हसेल. तो खुर्चीतून उठलाच. "साईं, उधर तो अपने लोगों की दुकानें हैं!" त्याच्या मावशीचा मुलगा सेंट मार्टिनला घड्याळं विकत होता आणि चुलतभावाचं कुरसावला कपड्यांचं दुकान होतं. कुठल्या बेटावर भेंडी मिळते इथपर्यंत त्याला माहिती. आम्ही कधी निघणार, एवढंच त्याने विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीत," मी म्हटलं. शाळेची माणसं दुसरं काय सांगणार?

त्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, दिवाळी में? उधर तो तूफान का सीज़न चलता है." आम्ही दोन महिने बेटांवर काथ्याकूट केला होता, पण कॅलेंडर म्हणजे फक्त शाळेचं, हे डोक्यात इतकं बसलेलं की तिकडच्या हवामानाचा विचारच केला नव्हता. त्याने नकाशावर भराभर फुल्या मारल्या. वादळाच्या वाटेबाहेरची दक्षिणेकडची तीनच बेटं उरली : अरुबा, कुरसाव आणि बोनेर. यांचा चेहरा उलट खुलला. म्हणाले, निवड सोपी झाली.

मग त्याने डायव्हिंगवाल्यांचा तब्येतीचा फॉर्म दिला. हृदय, कान, फिट्स, दमा अशी मोठी यादी, आणि प्रत्येकासमोर हो किंवा नाही. घरी आल्यावर यांनी पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत 'नाही'ची रांग लावली. एक रकाना वाचला असेल तर शपथ.

आमच्याकडे फॉर्म असेच भरतात. नोकरीचा असो की विम्याचा, "हो लिहिलं की फाइल मागे येते," हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. मीही आजवर असेच भरले आहेत. पण यांना दमा आहे. थंडी पडली की शर्टाच्या खिशात पंप असतो. मी म्हटलं, "दम्यासमोर हो लिहा."

"वर्षातून चार वेळा पंप घेतो. त्याला दमा म्हणतात होय?"

"मग काय म्हणतात? हौस?"

यांनी फॉर्म बाजूला सारला. मी तो ओढला, 'नाही'वर काट मारली आणि ठसठशीत 'हो' लिहिलं. दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

'हो' आलं म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी आली. उल्हासनगरच्या छातीच्या डॉक्टरांनी यांना एका मशीनमध्ये पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं. मग शांतपणे म्हणाले, "पोहा, वर तरंगा, काही हरकत नाही. पण टाकी लावून खाली जायचं नाही. वर येताना छातीत हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं." मला म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

रिक्षात हे एकच वाक्य बोलले. "रद्द करू."

त्या आठवड्यात मला स्वतःचा फार राग आला. स्वप्न यांचं, पोहायला शिकवलं यांनी, आणि परवानगी मला! काट मारली नसती तर हा माणूस खुशीत बॅग भरत असता. मग वाटायचं, आणि तिकडे वर आलाच नसता तर? भाकरी थापता थापता रडू यायचं आणि यांना कळू नये म्हणून मी तव्यावर ओरडायचे. यांच्याशिवाय खाली जायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी हे संध्याकाळी न सांगता बाहेर पडले आणि रात्री परतले. चपला काढायच्या आधीच नकाशावर वाकले, अरुबावर फुली, कुरसाववर फुली.

"बोनेर," म्हणाले. "एजंटने तिकडे फोन लावून दिला होता. तिथे बुडी मारायला बोटीची गरज नाही. रस्त्यालगत खुणेचे पिवळे दगड लावलेत, तिथून चालत पाण्यात उतरायचं. काही हातांवर पोवळ्यांचे खडक सुरू होतात. पाणी इतकं नितळ की वर तरंगणाऱ्याला खालचा माणूस दिसतो. तू खाली जा. तुझे बुडबुडे जिथे वर येतील, तिथे मी."

"मी नाही जाणार एकटी."

"एकटी कुठे? मी वर आहे ना."

"तुम्हाला वाईट वाटेल."

हे खुर्चीवर बसले. "वाटणारच. खूप वाटेल," म्हणाले. "पण एक कर. वर आल्यावर मला बरं वाटावं म्हणून 'खाली काही खास नव्हतं' असं म्हणू नकोस. जे दिसलं ते सगळं सांग. एकही मासा गाळायचा नाही."

जावंच लागलं तर मी नेमकं 'काही खास नव्हतं' असंच म्हणायचं ठरवलं होतं.