मारुतीच्या कोनाड्यातली सुई

आमच्या म्हशीचं नाव चंद्री. आधी तिला मान, कारण तिच्याशिवाय मला सयाजी भेटला नसता. मी मूळचा गडमुडशिंगीचा, सातवी पास, पण गोठा मंगळवार पेठेत. उजाडलं की चंद्रीला दूधकट्ट्यावर न्यायची आणि पैलवानांच्या डोळ्यांदेखत लोट्यात धार काढायची. लोटा एकच. तो या तोंडाचा त्या तोंडाला फिरायचा, आणि त्यातच खरी गंमत.

सयाजी शिरोळचा पैलवान. हसला की त्याचे कान हलायचे. एकदा पैजेवर इतकं दूध प्याला की शेवटी चंद्रीनंच मान वळवून त्याच्याकडं बघितलं. गावानं चौकात त्याच्या फोटोचा फलक लावला होता.

दोन हजार एक साली हा गडी घरचा झाकणाचा पितळी तांब्या घेऊन यायला लागला. मी चिडवलं, "काय पावणं, आमचा लोटा बाटला व्हय?" कान हलले नाहीत.

चार दिवसांनी कट्टा रिकामा झाल्यावर थांबला आणि सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांमागं गुडघा दुखावला होता. वस्तादांना कळलं तर कुस्ती बंद, म्हणून दुखणं मारायचं इंजेक्शन चोरून घेतलं. मग दुखत नसलं तरी घ्यायला लागला. असे पाचजण होते आणि पाचांत सुई एक. ती तालमीतच, मारुतीच्या कोनाड्यात, तेलाच्या बुधलीमागं असायची. मारुतीच्या तेलात बुडवली की सुई शुद्ध झाली, असा त्यांचा हिशेब. पाचांतला मल्लेश सीमेकडचा. तो खंगून गावी गेला आणि तिथून त्यानं निरोप धाडला, तपासून घे. सयाजीनं तपासून घेतलं. लागण झाली होती.

आता तालमीत तीन नवी पोरं आली होती. एकाचा खांदा धरला होता आणि जुन्यांनी त्याला कोनाडा दाखवून ठेवला होता. सयाजीनं दोनदा सुई फेकली, दोनदा दुसरी आली.

"का फेकली ते सांगाय पायजे, आबा. बोललो तर मी संपलो, न्हाय बोललो तर ती पोरं."

माझा पाय नकळत त्या तांब्यापासून मागं सरकला, हे मला आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यातल्या सल्ला देणाऱ्या बाईंकडं गेलो. आडून आडून विचारलं ते लोट्याचंच. त्या म्हणाल्या, लोट्यानं होत नाही, सुईनं होतं. आणि बघून ओळखू येत नाही, धडधाकट माणसातही असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीच्या दारात उभा होतो. पोरं हौद्यातली माती कपाळाला लावून आत उतरत होती. सयाजी कडेलाच थांबला, अंगात सदरा. गणपतराव वस्तादांनी विचारलं, लंगोट कुठाय?

"वस्ताद, मला एड्सची लागण झालीया. ह्या कोनाड्यातल्या सुईनं. ज्यानं ज्यानं टोचून घेतलंय, त्यानं तपासून घ्या. नव्यांनी तिला हात लावू नका."

कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. मग वस्तादांनी ट्रॉली मागवली आणि सयाजी जिच्यात कुस्त्या खेळला ती सगळी तांबडी माती तळापर्यंत उपसून काढायला लावली. नवी माती पडली. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबं मिसळली. दिवसभर पन्नास हात राबत होते आणि सयाजी बाहेर पायरीवर बसून होता.

दिवेलागणीला वस्ताद म्हणाले, झालं एकदाचं. मी कोनाड्याकडं बघितलं. सुई जिथल्या तिथं. मारुतीच्या कोनाड्याला कोण हात लावणार!

सयाजीनंही तिकडं बघितलं आणि उठला, पण वाटेत नवी माती. "वस्ताद, येऊ का?" वस्तादांनी मान खाली घातली. एक पाय आत, एक बाहेर असा तो उभा. शेवटी मीच माझ्या शेणाच्या पायांनी त्या हळदीच्या मातीतून गेलो आणि सुई आणली.

"आबा, जपून, टोचंल," सयाजी म्हणाला आणि त्यानं आपला पितळी तांब्या पुढं केला. त्यात सुई टाकली, वर झाकण घट्ट बसवलं आणि सकाळी तांब्यासकट दवाखान्यातल्या बाईंकडं देऊन आलो.

तालमीचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही. शिरोळचा फलकही उतरला. ती तीन पोरं मात्र तपासून आली, तिघांनाही काही नव्हतं. जुन्यांतलं कोण गेलं, कोण नाही, मला ठाऊक नाही.

त्या सकाळी दवाखान्यातून सयाजी माझ्याबरोबर कट्ट्यावर आला तो रिकाम्या हातानं. मी लोटा भरून दिला. अर्धा प्याला, उरलेला मला दिला, मी प्यालो. मिशा पुसून मागं बघतो तर रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आपापला तांब्या.