चौथी घोडी

पडेगावच्या वेल्डिंगवाल्या मुबारकभाईंचा एक नेम होता. जड सामान ठेवायची चार पायांची लोखंडी घोडी गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्वतः तिच्यावर उभे राहत. "माझं वजन पेललं, तर तुमचं काय बी पेलंल," म्हणत. आणि त्यांचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं.

साखरेनं त्यांची नजर नेली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, वहिदानं, वेल्डिंग हाती घेतलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायची नाही.

भंगारातल्या खाटांचे अँगल कापून तिनं चार घोड्या केल्या. फरशीवाले सर्जेराव त्यांवर कडप्प्याच्या लाद्या ठेवून घासणार होते. त्यांना पसंत पडल्या तर पुढचंही काम मिळणार होतं. नाही तर दुकान बंद, असं ती मला म्हणाली होती. मी फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला गेलो, तेव्हाच सर्जेराव टेम्पो घेऊन आले.

"भाभी, राग नका मानू. पण मुबारकभाई उभे राहिल्याबिगर मी नाय नेणार. लादी कुणाच्या पायावर पडली तर?"

"राहतो की," मुबारकभाई उठले. "असाबी बायकोच्याच जिवावर उभा हाय."

शेडच्या खांबाला धरून ते पहिलीवर चढले, उतरले. मग दुसरी. तिसरी. वहिदा न घसरलेली ओढणी पुन्हा पुन्हा सावरत होती. चौथीवर त्यांनी पाय ठेवला.

"नक्को चढू जी."

त्यांचा पाय तिथंच थांबला.

"हिचा एक सांधा कच्चा हाय," ती खाली बघून म्हणाली. "वेल्डिंगचा रॉड ओला होता. वरून चिकटलाय, आत भरला नाय. मला ठाऊक होतं."

सर्जेराव टेम्पोकडं बघू लागले. मुबारकभाईंनी चाचपत तो सांधा शोधला, नखानं खरवडला.

"घासून काढ," ते म्हणाले. "कोरड्या रॉडनं पुन्हा भर."

तिनं घासलं, भरलं. लोखंड निवेपर्यंत सर्जेराव गेले नाहीत आणि बसलेही नाहीत. मग मुबारकभाई खाली बसले, दोन्ही हातांनी तो सांधा धरला. "चढ."

ती चढली. घोडी हलली नाही.

"हिचं काय वजन," सर्जेराव पुटपुटले.

"मग तुम्ही चढा. हात माझे खाली हायेत."

सर्जेरावांनी चपला काढल्या.

टेम्पोत सगळ्यांत आधी चौथी घोडी चढली.