हकीमसाहेबांचा तकिया

बायांनो, ही चिठ्ठी वाचून पुढच्या घरी द्या. आज बेंबळीच्या सरकारी दवाखान्यातनं आले, तवापासून डोकं फिरलंय.

मान आखडल्यानं महिनाभर डोईवर घागर घेता येत न्हाय. तिथले हकीमसाहेब नुसतं उर्दू बोलतात. मागच्या खेपेला म्हणाले, "तकिया छोड दो, बाई." घरी येताच म्या मालकांच्या पाठीमागचा तक्क्या ओढून माळ्यावर टाकला. पंधरा दिवस ते भिंतीला टेकून बसले. माझी मान तशीच.

आज साहेबांनी इचारलं, "तकिया छोडा?"

म्हणलं, "व्हय, मालकांचा बी सोडवला."

ते लई हसले. डोक्याखाली हात धरून दाखवला, तवा कळलं, त्यांचा तकिया म्हंजी आपली उशी. हेच आधी दाखवायला हात दुखत होता का?

मालक म्हणाले, "आता माझा तक्क्या दे. पाठ गेली माझी."

दुपारी बिनउशीचं पडून बघितलं, डोळ्याला डोळा न्हाय. उशी घेतली की मान धरते. तुमच्यात कुणी बिनउशीचं निजतं का? कितव्या दिवशी झोप लागली, तेवढं कळवा.

तवर पाणी मालक भरतील. तक्क्या त्याच बोलीवर दिलाय.